डाव्या खिडकीचं प्लॅस्टिक

"मला ठेवून घेता का नाही, बाबा?"

सकाळपासून हेच विचारत होतो. आश्रमाच्या ओट्यावर म्हातारे बाबा भिक्षेत आलेल्या भाकरी झोळीत भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"डोकं तर दहाव्यालाच भादरलंय," मी म्हणालो. "तुमचं तेवढं काम वाचलं."

"वस्तरा आमच्याकडं पण आहे. घरी कोण असतं?"

मी सांगून टाकलं. आई आहे, ती आता बोलत नाही. वहिनी आहे, तिचं तान्हं पोर आहे. उद्या दोघांना भोकरदनला वहिनीच्या माहेरी पोचवायचं मी कबूल केलं होतं. आणि आज उजाडताच कुणाला न सांगता गाडी घेऊन इकडं निघून आलो होतो.

गाडी दादाची. भागवतदादा हिच्यातच गेला. छातीत कळ आली तेव्हा त्यानं ती रस्त्याच्या कडेला नीट उभी केली होती. दारं आतून बंद होती, म्हणून लोकांनी डावी काच फोडून त्याला बाहेर काढलं. उपयोग झाला नाही.

बाबा गाडीकडं बघत राहिले. डाव्या खिडकीला मी खताच्या गोणीतलं प्लॅस्टिक लावलं होतं. त्याचा एक कोपरा सुटून फडफडत होता.

"चिकटपट्टी टिकत नाही वाटतं."

"धुळीनं सुटते. रोज नवी लावतो."

"काच मिळत नाही?"

"गॅरेजवाल्यानं कधीचीच आणून ठेवलीय. मीच बसवू देत नाही."

"का?"

"काच बसली की..."

मी गाडीकडं पाठ केली.

"काच बसली की काही झालंच नाही, असं होईल. लोक बसतील, उतरतील. मला ते नको. मला आता कुणीच नको. मला इथं राहायचंय."

बाबांनी शेवटची भाकरी झोळीत टाकली. मला वाटलं, म्हाताऱ्याला पटलं.

त्यांनी झोळी खांद्याला अडकवली. घाटाखाली फाट्यावर एक भिक्षू तापानं पडलाय, त्याला भाकरी द्यायची आहे, तिथवर सोड म्हणाले. राहायचं ते मग बघू.

मी मागचं दार उघडलं. पुढं धूळ येते, मागं बसा, असं सांगितलं. ते पुढंच बसले, डावीकडं, प्लॅस्टिकच्या खिडकीजवळ.

रस्ता खोदून ठेवलेला. वैशाखाचं वारं. पहिल्याच वळणावर वरची पट्टी सुटली आणि प्लॅस्टिक बाबांच्या तोंडावर आलं. त्यांनी ते मागं सारलं आणि डावा तळहात त्यावर दाबून धरला. उजव्या हातानं मांडीवरची झोळी धरली.

वारं प्लॅस्टिक आत ढकलायचं, मग बाहेर ओढायचं. बाबांचा हात त्याच्याबरोबर आत-बाहेर व्हायचा. वाळलेला हात. कोपराजवळ थरथरायला लागला तरी त्यांनी तो काढला नाही.

मला राग यायला लागला. कशाचा, कळेना.

मोठा खड्डा आला. तोल जाऊ नये म्हणून बाबांनी उजव्या हातानं समोरचा आधार घेतला, आणि झोळी मांडीवरून खाली गेली. भाकरी पायाशी सांडल्या.

मी करकचून गाडी थांबवली.

उतरून पलीकडं गेलो, दार उघडलं, खाली वाकलो. सीटखाली अजून त्या दिवसाचे काचेचे खडे होते. मी ते झाडले नव्हते. भाकरींना चिकटले होते. एक माझ्या बोटात गेला. आजारी माणसाच्या भाकरी, एकही देण्याजोगी राहिली नाही.

बाबा तसेच बसले होते. दार उघडलं तसा हातही दाराबरोबर बाहेर लांबवलेला. गाडी उभी, वारंही पडलेलं... तरी हात प्लॅस्टिकवर.

"सोडा ना आता ते," मी म्हणालो. "हात दुखत असेल."

"दुखतोय."

"मग कशाला धरून बसलाय?"

"तुला ते ठेवायचंय ना?"

मी बोटातलं रक्त चोखत उभा राहिलो. खाली दरीत कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. मला एकदम फार झोप आल्यासारखं झालं. दादा गेल्यापासून मी धड झोपलोच नव्हतो.

"मी ठेवीन नाहीतर काढीन," मी म्हणालो. "तुम्ही माझं सांगा. मला ठेवून घेता का नाही?"

बाबांनी पायाशी पडलेल्या झोळीकडं पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडं.

"उद्या तुझी वहिनी इथं बसली," ते म्हणाले, "की लेकराला कुठल्या हातानं धरील?"