मेहुण्याच्या हातचा दोर

पूर्वी अश्मक देशात पोतन नगरीच्या राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व डोंगरातल्या एका वाडीत, कड्यावरचा मध काढणाऱ्यांच्या घरी जन्मले. मोठे झाल्यावर तेही दोराने कडा उतरू लागले. पोळ्याचा पिल्ले असलेला भाग ते कधी कापत नसत.

त्या वाडीत एक रीत होती. खाली उतरणाऱ्याचा दोर वर त्याच्या मेहुण्याने धरायचा. आपल्या बहिणीला कोणी भाऊ विधवा करणार नाही, असे लोक मानत. बोधिसत्त्वांचा दोर त्यांच्या पत्नीचा, उत्पलेचा, भाऊ मल्लक धरी. पण वाडीत मान असे तो उतरणाऱ्याला, आणि तो मान मल्लकाला हवा होता.

एका सकाळी तो म्हणाला, "दाजी, मोठं पोळं अगदी खाली आहे. तुम्ही निश्चिंत जा."

अर्ध्या कड्यावर बोधिसत्त्वांनी वर पाहिले. मल्लक दोर सोडून देत होता. दोघांची नजरानजर झाली.

खालच्या दाट झुडपांमुळे बोधिसत्त्व वाचले, पण त्यांचा एक पाय कायमचा अधू झाला.

वाडीच्या म्हाताऱ्या प्रमुखाने विचारले, "दोर निसटला की सोडला? तू फक्त सांग. आजच त्याला वाडीबाहेर काढतो."

"मला विचारू नका, आजोबा. ज्या देवानं पाहिलं, त्याचा न्याय चुकणार नाही. तो मी माझ्या हातात घेणार नाही."

घरी उत्पला म्हणाली, "माझा भाऊ म्हणून गप्प बसलात?"

"माझ्या मनात त्याच्याविषयी राग उरला नाही, म्हणून."

"मग त्याला तसं सांगा तरी. तो घराकडे फिरकतही नाही."

"कळेल त्याला," बोधिसत्त्व म्हणाले.

वर्ष गेले. आता कडा उतरण्याचा मान मल्लकाकडे आला. त्याचे लग्न झालेले नव्हते. तेव्हा रीतीप्रमाणे दोर धरायला बहिणीचा नवरा, म्हणजे बोधिसत्त्वच आले. खडकाला पाठ टेकून ते बसले आणि त्यांनी दोर कमरेभोवती घेतला.

"दाजी, हात भरून नाही ना येणार?" मल्लक हसत म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"तू निश्चिंत जा," बोधिसत्त्व मनापासून म्हणाले.

मागच्या वर्षीचे आपलेच शब्द ऐकून मल्लकाचा चेहरा उतरला. त्याने दोर त्यांच्या कमरेवरून काढला आणि कड्यावरच्या उंबराच्या मुळाला बांधला.

"ते मूळ आतून पोकळ आहे, मल्लका."

"तुम्हाला दोर हातातच हवा आहे, नाही का?" मल्लक म्हणाला, आणि उतरला.

थोड्याच वेळात मूळ उपटून निघाले. बोधिसत्त्वांनी झेप घेऊन दोर पकडला. तळहातांची सालटी निघाली, तरी दोर गेला. मल्लकही गेला.

लोक म्हणाले, "देवानं न्याय केला."

बोधिसत्त्व म्हणाले, "न्यायाची शंका मला कधीच नव्हती. पण वर्षभरात एकदा त्याच्या दाराशी जाऊन, बाबा, माझा तुझ्यावर राग नाही, एवढं मी बोललो नाही. तो माझ्या भीतीनं मेला."

 उत्पलेने त्यांच्या हातांना पाला वाटून लावला.

ही कथा सांगून संघाचे गुरू शास्ते मग म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची उत्पला म्हणजे आजची उपासिका सोमा. वाडीचा प्रमुख म्हणजे, पिंगलाला संघातून काढा, असं सकाळी मला सांगणारे आपले वृद्ध स्थविर. मल्लक म्हणजे तो भिक्खू पिंगल. माझ्यावर खोटा आळ घेऊन तो आता विहाराच्या फाटकाबाहेर उभा आहे, आत यायला भितो. आणि मध काढणारा मीच होतो. राग न धरता सहन करण्याच्या या गुणाचं नाव क्षांती. त्या जन्मी माझी क्षांती एका शब्दानं अपुरी राहिली."

एक तरुण भिक्खू उठला. "भगवन्, पिंगलाला बोलावून आणू?"

"नको," शास्ते म्हणाले, आणि स्वतः उठून फाटकाकडे चालू लागले.