साहेबाच्या पार्टीचा फणस

साहेबाच्या पत्रात ‘पार्टी’ हा शब्द तीनदा आला आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं!

डोंबाळगडच्या दरबारात मुनशी विसाजीपंत पत्राचा अर्थ सांगत होते. ‘‘सरकार, साहेब म्हणतो, शनिवारी माझी पार्टी घेऊन येतो. म्हणजे दहा शिपाई. आल्यावर पार्टी करू. म्हणजे खाणंपिणं. आणि जंगलाच्या तंट्यातली दुसरी पार्टी हजर ठेवा. म्हणजे प्रतिपक्ष.’’

राजे मानाजीराव तडकले. ‘‘शिपाई, जेवण आणि भांडणारा माणूस, सगळ्यांना एकच नाव? उद्या म्हणाल, हत्ती, पगडी आणि मुळा एकच!’’

‘‘सरकार, इंग्रजीच तशी...’’

‘‘इंग्रजी नाही, तुम्ही तसे! तिन्ही ठिकाणी चपखल बसेल असा एकच अर्थ सांगा. तोवर राजवाड्यात चूल पेटणार नाही. माझ्यासाठीसुद्धा! उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर तुमचं बिऱ्हाड घाटापलीकडे!’’

झालं! मुदपाकखाना थंड पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजांचं पोट असं गुरगुरलं, की पहारेकऱ्यांनी वाघ शिरला म्हणून भाले उचलले.

मुदपाकखान्यात नारळ खोवणारी यसू पंतांच्या घरी डोकावली. काकू रडत रडत भांडी बांधत होत्या. पंत जाडजूड कोशात नाक खुपसून बसले होते. यसू आत येऊन पंतांजवळ बसली. दोन वर्षं ती छावणीत साहेबाची मुलं सांभाळायला होती.

‘‘पंतकाका, मडम केक कापायची ना, तेव्हा पोरं ‘माय पार्ट! माय पार्ट!’ म्हणून ओरडायची. पार्ट म्हणजे वाटाच ना?’’

पंतांनी भराभरा पानं उलटली. ‘‘अगं पोरी! इथं लिहिलंय, पार्टीचं मूळ जुन्या फ्रेंच भाषेत. अर्थ, भाग! पण हे सरकारांच्या गळी कसं उतरवायचं?’’

‘‘ते माझ्याकडे लागलं,’’ यसू म्हणाली.

दुपारी ती भला थोरला कापा फणस डोक्यावर घेऊन दरबारात आली. वास सुटताच सगळे सरदार एकदम सरळ बसले.

‘‘खाणं आणलंस?’’ राजे गरजले. ‘‘माझा हुकूम मोडलास?’’

‘‘सरकार, चुलीला बंदी आहे, सुरीला नाही!’’

राजांना नाही म्हणवेना. यसूनं सुरीला तेल लावून फणस उभा चिरला. ‘‘सरकार, या फणसावरून दोघं भांडले. एक या भागाकडचा, एक त्या भागाकडचा. या दोन पार्ट्या!’’

‘‘बरं. आणि शिपाई?’’

यसूनं एका भागातले दहा गरे काढून बाजूला ठेवले. ‘‘अख्खी फौज हा फणस. त्यातले दहाच साहेबाबरोबर निघाले. फौजेचा एक भाग. ही त्याची पार्टी!’’

‘‘आणि जेवण?’’

तिनं त्याच भागातले उरलेले गरे दरबारात फिरवले. सरदार, भालदार, पंत, अगदी पंखा ओढणारा म्हातारासुद्धा मचामचा खाऊ लागला. ‘‘ज्याला त्याला आपापला भाग मिळाला, सगळे आनंदात सामील झाले. झाली पार्टी!’’

राजांना राहवेना. त्यांनी दुसरा अर्धा फणसच ओढून त्यात तोंड घातलं. चिकानं डावी मिशी गालाला चिकटली. तशातही हट्ट सुटेना!

‘‘आणि हा सगळा मी एकट्यानंच खाल्ला, तर ती पार्टी नव्हे?’’

‘‘नाही सरकार!’’ यसू म्हणाली. ‘‘ते अजीर्ण!’’

राजांच्या ओठाचा उजवा कोपरा हलला. डावा चिकटलेलाच होता! मग ते अर्ध्याच तोंडानं असे हसले, असे हसले, की पंतांना तेलाची वाटी घेऊन धावावं लागलं. मिशी सुटली आणि हसू दुप्पट झालं.

‘‘पंत, भांडी सोडा! चुली पेटवा!’’ राजे डोळे पुसत म्हणाले. ‘‘आणि वाड्यामागची फणसांची बाग आजपासून या पोरीची! यसू, माझा पार्ट मात्र दरसाल पाठवत जा!’’