धाकोजीशेठचा नियम

काळशी बंदरात मालाचं गलबत एकच, धाकोजीशेठचं. आंब्याचा हंगाम आला की भाडं दुप्पट, जणू मुंबईच लांब गेली! यंदा बागवाल्या द्वारकाकाकूंनी हुज्जत घातली, तर शेठ मिशीला पीळ देत म्हणाले, "गर्दी झाली की दर वाढणारच. धंद्याचा नियम आहे."

हंगाम सरला आणि समुद्र खवळला. गलबत लगेच किनाऱ्यावर ओढलं नाही, तर चक्काचूर ठरलेला. शेठनी हाका मारल्या, तसा सारा गाव दोरखंडापाशी जमला.

काकू म्हणाल्या, "शेठ, ओढायची मजुरी दुप्पट पडेल."

"दुप्पट? अहो, एवढी माणसं असताना?"

"म्हणूनच तर! बघा ना, केवढी गर्दी झालीय!"