कार्बोरेटरखालचं पाणी

सूतगिरणीचे चेअरमन रावसाहेब मगदूम यांना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांची जुनी मोटार सगळ्यांत पुढं असायची आणि यंदा तीत नातवंडं बसणार होती. सकाळी बाबालाल मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, तर कार्बोरेटरला येणाऱ्या पेट्रोलच्या नळीतून थेंब गळत होते.

"नट कुणीतरी नको इतका आवळलाय. नळीचं तोंड चिरलंय. तासभर द्या," तो म्हणाला.

तो कुणीतरी म्हणजे खुद्द रावसाहेब. भोवती डायरेक्टर मंडळी उभी होती. रावसाहेब गुरकावले, "मी स्वतः आवळलाय. गळेल कसा? गाडी धुतल्याचं पाणी आहे ते."

"पाणीच आहे," मंडळींनी माना डोलावल्या.

पायरीवर वहिनीसाहेब पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. निरांजन पेटलेलं होतं. बाबालालनं हात पुसले.

"मग माझंच चुकलं, साहेब. घ्या ताट, आणि पहिल्यांदा इथं नळीपाशीच ओवाळा."

रावसाहेबांनी ताट घेतलं, एक पाऊल टाकलं आणि थांबले. मंडळी केव्हाच फाटकापर्यंत सरकली होती.

"या की साहेब," बाबालाल शांतपणे म्हणाला. "पाणीच तर आहे."

रावसाहेबांनी ताट वहिनीसाहेबांना परत दिलं.

बाबालालनं नळीचं चिरलेलं तोंड कापलं, नट घट्ट बसावा म्हणून नळीचं टोक नव्यानं फुलवून रुंद केलं, नट बेतानं आवळला आणि सगळं पुसून कोरडं केलं. तासाभरानं ताट पुन्हा आलं. जन्मात कुणाला न विचारणारे रावसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्री, आता ओवाळू का?"