एका माणसाचे पातेले

एकदा एका निवृत्त ग्रंथपालाने आपले स्वयंपाकघर लावायला घेतले. शामराव शिंत्रे हे त्यांचे नाव, मिरज हे गाव. पत्नी कुमुदिनी जाऊन सात महिने झाले होते, मूलबाळ नव्हते. ज्या माणसाने पस्तीस वर्षे पुस्तके विषयवार लावली, त्याला कपाटात एकमेकांत अडकलेली पातेली आणि सापडेल त्या फटीत कोंबलेली झाकणे पाहवेनात. शिवाय हल्ली दुपार फार लांब असे.

त्यांनी दोन्ही कपाटे रिकामी केली. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून एकेक भांडे मांडले. प्रत्येक पातेल्यावर झाकण बसवून पाहिले आणि जोडी जमली की दोहोंवर तांबड्या रंगाने एकच क्रमांक घातला. तवे उभे ठेवले, कढया एकात एक. रोज लागणारे हाताशी, क्वचित लागणारे वरच्या फळीवर. शेवटी एक झाकण उरले. त्याचे पातेले कुठे गेले हे सांगू शकणारे माणूस आता घरात नव्हते. शिंत्र्यांनी ते बराच वेळ हातात धरले आणि क्रमांक न घालताच एका बाजूला ठेवले.

काम पुरे झाले, पण ते पाहायला कुणी नव्हते. मग ते लहानपणी आपल्याला शाळेत शिकवणाऱ्या कुरणे गुरुजींना घेऊन आले. गुरुजी पंच्याऐंशीचे होते, काठी टेकत चालत.

गुरुजींनी कपाटाची दारे उघडून सर्व नीट पाहिले. "सुरेख लावलंस," ते म्हणाले. मग पुढ्यातल्या लहानशा पातेल्यावर त्यांनी बोट फिरवले. बाकी भांडी कोरडी होती. एवढ्याच भांड्याचा तळ ओलसर होता.

"यात काय करतोस?"

"भात. कधी खिचडी. एकट्याला पुरतं."

"स्टूल आण आणि हे वर ठेव. अगदी मागे. आणि ते वरचं मोठं खाली घे."

"गुरुजी, ते सहा माणसांचं आहे! जे जास्त लागतं ते हाताशी, असाच नियम असतो ना?"

"नियम बरोबर आहे. पंधरा दिवस असंच राहू दे. मग माझ्याकडे ये."

पातेल्यांची अदलाबदल होताच गुरुजी चहाही न घेता गेले.

शिंत्र्यांना वाईट वाटले. एवढ्या मेहनतीची ही परीक्षा त्यांना अन्यायाची वाटली. पण गुडघा दुखत असल्याने पुन्हा स्टुलावर चढणे जिवावर येई. पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्या पातेल्यात मूठभर तांदूळ टाकले. पाणी आटून गेले आणि भात तळाला लागला. दुसऱ्या दिवशी तांदूळ वाढवले. तो भात त्यांनी दुपारी खाल्ला, संध्याकाळी खाल्ला, सकाळी फोडणी देऊन पुन्हा खाल्ला. चौथ्या दिवशी मसालेभात केला. एवढा खाववेना आणि टाकवेना. कुमुदिनीने कधी शीत टाकले नव्हते. अखेर त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवले, दोन फडक्यांत धरून ते उचलले आणि शेजारच्या हौसाबाई माळींचे दार वाजवले. हौसाबाईही एकट्याच राहत. दिवसकार्य झाल्यापासून दोघांचे बोलणे झाले नव्हते.

"मसालेभात आहे," शिंत्रे दारातूनच म्हणाले. "जरा जास्त झाला."

"आत या की. उभं का?" हौसाबाईंनी एक घास तोंडात टाकला. "मीठ विसरलासा. बसा, आणते." मिठाची बरणी घेऊन येता येता त्या म्हणाल्या, "कितींदा यावं म्हटलं, पण तुमचं दार बंद."

"बंद नसतं. नुसतं लोटलेलं असतं."

"बाहेरच्याला ते कसं कळावं?"

दोघे जेवले. हौसाबाई कुमुदिनीच्या आठवणी सांगत होत्या. शिंत्र्यांना त्यांतल्या दोन अगदीच नव्या होत्या. आपल्या पत्नीविषयी आता नवे काही कळेल, असे त्यांना वाटलेच नव्हते.

पंधराव्या दिवशी सकाळी ते गुरुजींकडे गेले. "शेजारी जा, एवढं तोंडानं सांगितलं असतंत तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"गेला नसतास. एकट्या माणसाला सगळे सल्लेच देतात." गुरुजींनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "माझी पत्नी गेली, तेव्हा मी घरातली सगळी भांडी वाटून टाकली. माझ्यापुरतं एक पातेलं ठेवलं. लोक त्याला वैराग्य म्हणाले. मलाही ते ऐकायला बरं वाटलं. पण शामराव, मोजून एकाचंच शिजवणाऱ्या घरात 'थांबा, दोन घास खाऊन जा' हे वाक्य तोंडातून निघत नाही. आधी आपण ते बोलायचं थांबतो. मग लोक जेवणाची वेळ टाळून येतात. मग येतच नाहीत. दुःख मोठं होतं म्हणून मी एकटा पडलो, असं मी समजत होतो. खरं म्हणजे मी भांडं लहान घेतलं होतं. हे उमगलं तेव्हा दारावर थाप मारणारं कुणी उरलं नव्हतं. तुझ्या कपाटात ते ओलं पातेलं पाहिलं आणि मला राहवलं नाही."

शिंत्र्यांनी त्यांच्या चुलीकडे पाहिले. तिथे एक पातेले आणि एक ताट होते.

"गुरुजी," ते म्हणाले, "उद्या माझ्याकडे जेवायला या."

गुरुजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारले. तो आवाज इतका अनोळखी होता, की किती वर्षांत हा प्रश्न विचारण्याची वेळ त्यांच्यावर आली नसेल हे शिंत्र्यांना विचारावे लागले नाही.