येळवशीची खोप

त्या दिवशी वारा पडला होता. चैत्र सरत आलेला, आभाळ राखेच्या रंगाचं, काठावरच्या बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. धरणाचं पाणी पार मागं गेलेलं, आणि गाळाला अशा भेगा की जपून पाऊल टाकावं.

"मग ते रान कुणाचं, तुम्हीच सांगा बाबा."

मल्लिनाथ उभ्यानंच विचारत होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

मौलाबाबा दर्ग्याच्या ओट्यावर सुतळी वळत होते. धरण व्हायच्या आधी ते शेतकरी. मल्लिनाथचे आजोबा गुरुलिंगप्पा, त्यांच्या बांधाला बांध लागून मौलाबाबांचं रान. दोन्ही रानं पाण्याखाली गेली. गुरुलिंगप्पांचं बिऱ्हाड शहराकडं गेलं. मौलाबाबांनी दुसरीकडं जमीन घेतली नाही, काठावरच्या या दर्ग्यात दिवाबत्ती करत राहिले. लोक येतात, बसतात, मनातलं विचारतात. आम्हीही त्यातलेच.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी रानं थोडी थोडी वर येतात. ज्याला जमीन नाही तो त्या गाळात काकडी, खरबूज लावतो. यंदा जुन्या विहिरीपाशी द्वारका भोईणीनं वेल लावले होते. फळ धरलं होतं, पण पिकायचं होतं. वर्षाचं तिचं तेवढंच पीक.

आणि मल्लिनाथला नेमका तिथंच चौथरा बांधायचा होता, आजोबा-आजीच्या नावाचा. ट्रॅक्टर घेऊनच आला होता. पाणी चढल्यावर पूजा मासे करणार का, असं द्वारकानं विचारलं, म्हणून आणखी चिडलेला. शेवटी ती म्हणाली होती, मौलाबाबांनी सांगावं हे तुमच्या आजोबांचं रान, मी माझ्या हातानं वेल उपटते.

म्हणून दोघं इथं आले होते.

"तुला कशावरून वाटतं, तुझ्या आजोबाचं आहे?" बाबांनी विचारलं.

"वाटतं नाही. मला माहीत आहे. येळवशीला आमची खोप त्या विहिरीपाशीच असायची."

येळवस म्हणजे आमच्याकडची थंडीतली वेळा अमावस्या. त्या दिवशी अख्खं घर रानात जातं. कडब्याची खोप घालायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पिकाला आंबील शिंपडायची आणि मग सगळ्यांनी तिथंच जेवायचं.

"आता सांगा," मल्लिनाथ म्हणाला, "येळवशीची खोप दुसऱ्याच्या रानात कोण घालतं?"

बाबांनी सुतळी खाली ठेवली.

"कुणी घालत नाही."

द्वारकाचा चेहरा उतरला. पदरानं तोंड पुसत ती बाजूला झाली.

"चल," बाबा उठले. "कुठं होती ती दाखव मला."

विहिरीचा काठ गाळातून हातभर वर आलेला. मल्लिनाथनं जागा लगेच दाखवली. इथं खोप, इथं दार, उगवतीला तोंड करून. सांगता सांगता त्याचा आवाज बदलत गेला. अव्वा, म्हणजे त्याची आजी, रात्रीच उठून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी रांधायची आणि पाटी डोक्यावर घेऊन यायची. आप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या, खांद्यावर आंबिलीचं मडकं. वाटेत हिंदकळून त्यांची पाठ भिजायची, आणि अव्वा म्हणायची, पिकाच्या आधी तुम्हीच पिऊन घ्या. मल्लिनाथ हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"मग?" बाबा म्हणाले.

"मग अव्वा आंबिलीचा तांब्या घेऊन पिकात शिंपडायला जायची. मी तिच्या मागं मागं."

"कुणाच्या पिकात?"

"आमच्याच. दुसऱ्याच्या पिकात कशाला शिंपडेल?"

"कशी जायची?"

मल्लिनाथ चालू लागला.

"अशी... उतारानं खाली. मी धोतऱ्याला हात लावीन म्हणून सारखी ओरडायची... मग इथं बांध होता. ती आधी ओलांडायची, मग मला बगलेत धरून..."

त्यानं पाय उचलला. तिथं बांध नव्हता, सपाट गाळ होता. तरी त्यानं पाय उचलून पलीकडं टाकला.

आणखी थोडा चालला. बुटांत पाणी शिरलं तेव्हा थांबला.

पुढं धरण. लांबवर नुसतं पाणी.

 द्वारकाचं पोरगं बाजूला काठावर जाळं झटकत होतं, तेवढाच आवाज.

"आमचं रान..." मल्लिनाथ म्हणाला. "खाली आहे."

"व्हय. खोलगटातलं. ते काही वर येत नाही."

"आणि हे?"

"माझं होतं. तुमच्याकडं थंडीतसुद्धा ओल असायची, माणसं बसायची कुठं? मग इकडंच खोप घालायची. कडबा तुमचा, विहीर माझी."

मल्लिनाथ पाण्यातून बाहेर आला. वर जाऊन ड्रायव्हरला त्यानं ट्रॅक्टर माघारी न्यायला सांगितलं. ड्रायव्हरनं का म्हणून विचारलं, तर म्हणाला, ने रे बाबा.

 द्वारकानं वाकून एका वेलाचा शेंडा भेगेतून बाहेर काढला आणि सारखा केला.

मल्लिनाथ परत आला आणि विहिरीच्या काठावर बसला. बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. बराच वेळ ते बूट हातातच होते.

"अव्वा मरेपर्यंत म्हणायची, आपली विहीर, आपली खोप..." तो म्हणाला. "ही दुसऱ्याची आहे म्हणून तिनं मला कधीच सांगितलं नाही, बाबा."

मौलाबाबा त्याच्या शेजारी बसले.

"तुम्ही दुसरे म्हणून आम्हाला तरी कुठं कुणी सांगितलं होतं, मल्लू?"