दोन राजे आणि शनिवारची भूक

एका खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एल्लोजी नावाचा एक तेली होता. तेल असं काढायचा की दिव्याला काजळी धरायची नाही. पण शनिवारी बैलाच्या मानेवर जू म्हणून ठेवायचा नाही. त्याचे भाऊबंदही तसेच. ते इस्राएली, आणि शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार. त्या दिवशी घाणा बंद, चूल बंद, सौदा बंद. लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बैलांना विचाराल तर यापरता चांगला धर्म नाही.

एका गुरुवारी उधाण आलं नि बांध फुटला. खारं पाणी गावात शिरलं. घाणे वाहून गेले, घरं बसली. माणसं आणि बैल तेवढे टेकडीवर चढले. शुक्रवार झावळ्यांचं छप्पर घालण्यात गेला. हाताशी होतं तेवढं शिजवलं, ते पोरांनी रात्रीच फस्त केलं. शनिवार उजाडला तो रिकाम्या पोटानं. आता कुठे जाऊन राहायचं, हे एल्लोजीनं ठरवायचं होतं. तो त्यांचा म्होरक्या.

पण आधी वाचन. तोरा म्हणजे त्यांचा पवित्र ग्रंथ. दर शनिवारी त्यातला एक भाग वाचायचा. एल्लोजीनं तो ग्रंथ डोक्यावर धरून पुरातून आणला होता. त्या दिवशी भाग आला दोन राजांचा. अब्राहाम बाप, त्यांचा मूळपुरुष, लढाईतून माणसं नि लुटीचा माल सोडवून दमून येतो. वाटेत त्याला दोन राजे भेटतात. एक भाकर नि द्राक्षरस पुढे ठेवून आशीर्वाद देतो. दुसरा म्हणतो, माल तू घे, माणसं मला दे.

वाचन संपलं आणि वाद सुरू झाला. उपाशी माणसाला वादाला भारी जोर येतो.

"दुसरा राजा दिलदार बघा," सामाजी म्हणाला. हा एल्लोजीचा चुलतभाऊ. "सगळा माल देऊन मोकळा!"

एल्लोजीची म्हातारी आई सेगुलाबाई लगेच फणकारली, "नि माणसं मागितली ती रे? तुला नवा सदरा देते, बायको दे म्हटलं, तर देशील?"

सामाजीनं बायकोकडे बघितलं. ती आधीपासून त्याच्याकडेच बघत होती.

"पण काकी," तो आवाज उतरवून म्हणाला, "पहिल्याच्याही मनात काहीतरी असणारच. राजा कधी फुकट भाकर देतो होय?"

तेवढ्यात खालून शिंगं वाजली.

उत्तरेचा राजा रणधवल आला होता. मागे गाड्याच गाड्या. नवे कोरे घाणे, तांदळाची पोती, लाडवांच्या परड्या.

"एल्लोजी, हे सगळं तुमचं," राजा म्हणाला. "फक्त हातावर हात मार. आजपासून तुम्ही माझे तेली, आणि घाणा सातही दिवस फिरणार."

"महाराज, आज आम्ही सौदा करत नाही. उद्या बोलू."

"उद्या गाड्या नसतील."

एल्लोजीची नात मिलका हळूच परडीपाशी गेली होती. राजानं परडी वर उचलली. "अं हं! आधी तुझ्या आज्याचा हात."

पोरीचे ओठ सुकले होते. एल्लोजीचा हात हलला. अर्धा वर आलासुद्धा. मग त्यानं तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला.

गाड्या वळल्या.

"आता पोरांना काय खायला घालणार? तुझा शनिवार?" सामाजी ओरडला. एल्लोजी खाली बसला. मिलका त्याच्या मांडीवर बसून राहिली. ती रडत नव्हती, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

दुपारी दक्षिणेचा राजा गोमाजी आला. त्याचं राज्य एवढंसं, की एका सीमेवर कोंबडा आरवला तर दुसऱ्या सीमेवरची माणसं जागी होत. घोडा चिखलात रुतला म्हणून स्वारी पायी आली होती. पाठीवर पोतं, आणि मागून राणी डोक्यावर टोपली घेऊन.

"राजेसाहेब, आज आमच्यात सौदा होत नाही," एल्लोजी आधीच म्हणाला.

"ठाऊक आहे. चूलही पेटत नाही तुमची. म्हणून तर पोहे आणले. नारळ हिनं घरूनच खवून आणलाय. गूळ आहे."

"आणि बदल्यात काय हवंय?" सामाजीनं विचारलं.

राजाचे कान लाल झाले. "खोटं कशाला बोलू? आमच्या गावात तेली नाही. तुम्ही यावं असं फार वाटतं. पण ते मागाहून बघू. अन् नाही आलात, तर खाल्लेले पोहे काही परत मागणार नाही."

सेगुलाबाई बोळक्या तोंडानं हसली. मग सगळी टेकडी हसली. एल्लोजीनं देवाचे आभार मानले आणि पहिला घास मिलकाला भरवला. दुसरा तिनं त्याला भरवला.

दिवस मावळायला आला, तेव्हा राजा-राणी तिथेच राहिली. रविवारी सकाळी गोमाजी एल्लोजीपाशी आला, खाकरला, "ऊन बरं पडलंय" म्हणाला नि परत गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. "वारा पण बरा आहे."

"एलू," सेगुलाबाई म्हणाली, "या राजाच्या तोंडून ते काही निघायचं नाही. तूच बोल, नाहीतर सगळं पंचांग ऐकावं लागेल."

एल्लोजी उठला. त्यानं बैलाचं दावं सोडलं.

"राजेसाहेब, तुमच्या गावात दुपारची बैलांना सावली कुठे असते?"

गोमाजीनं दक्षिणेकडे हात केला. शेवटचं पोर पुढून जाईपर्यंत तो हात त्यानं खाली घेतला नाही.

तात्पर्य: राजा असो की शेजारी, प्रत्येकाला मनातून काहीतरी हवं असतंच, त्यात पाप नाही. पण भुकेल्यापुढे जो आधी अट ठेवतो त्याला तुमचं काम हवं असतं. जो आधी घास ठेवतो त्याला तुम्ही हवे असता.